लांबच्या तारेचा भरवसा

मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरणाऱ्या पाहुण्याच्या नजरेत प्रथम भरतात ती धुराडी. मग भट्ट्या, याऱ्या, पट्ट्यावरून अखंड वाहणारा कोळसा, वाफेचे फूत्कार. तारा मात्र त्याला कोणी दाखवीत नाही. त्या भिंतीच्या कडेने लोखंडी पन्हळांतून, पुलांच्या पोटाखालून, जमिनीतल्या चरांतून मुकाट्याने गेलेल्या असतात. आणि भट्टीचे तापमान किती, टाकीत तेल किती, पंप चालू आहे की बंद, हे सारे नियंत्रणकक्षात बसलेल्या माणसाला कळते ते त्यांच्यामुळे. शहरातल्या कचेरीत दोन संगणक जोडावयाचे तर तार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. पोलादाचा कारखाना, तेलशुद्धीकरण केंद्र, औष्णिक वीजकेंद्र किंवा कोळशाची उघडी खाण यांत हाच प्रश्न किलोमीटरांचा होतो. आणि प्रश्न किलोमीटरांचा झाला की त्याचे स्वरूपच पालटते.

भरवशाची तार म्हणजे कधीही न तुटणारी तार, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती सोयीची असली तरी खरी नव्हे. तार तुटतेच. तिला उंदीर कुरतडतात, तिच्यात पावसाचे पाणी शिरते, तिच्यावर लोखंडी तुळई पडते, तिच्याजवळ वीज कोसळते. ती तुटली हे लगेच कळते की नाही, आणि कळेपर्यंत कारखान्याचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. शीतगृहात अमोनियाची गळती झाली आहे हे सांगणारी तार आधीच निकामी झालेली असेल आणि नियंत्रणकक्षातला पडदा 'सर्व ठीक' असेच दाखवीत राहिला असेल, तर ती तार नसती तरी बरे होते. निदान माणसे सावध राहिली असती.

अंतराशी झालेल्या झगड्याचा इतिहास कारखान्यांपेक्षा जुना आहे, आणि त्याचा पहिला मोठा धडा समुद्राच्या तळाशी मिळाला. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंडचा किनारा आणि उत्तर अमेरिकेतील न्यूफाउंडलंड यांना जोडणारी तार अटलांटिक महासागरातून टाकून पुरी झाली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना पाठविलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचावयास सुमारे १६ तास लागले. इतक्या लांब तारेत संकेत मंद होतो, पसरतो, एकात एक मिसळतो. लांबी दुप्पट झाली की हा मंदपणा चौपट होतो, हे विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञाने, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धी पावलेल्या गृहस्थाने, गणिताने दाखवून दिले होते. परंतु तारेचे मुख्य विद्युत्‌तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस, जे शिक्षणाने वैद्य होते, त्यांना ते पटले नाही. संकेत क्षीण वाटतो तर जोर वाढवा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब तारेवर लादला. आधीच सदोष असलेले तिचे आवरण त्यापुढे टिकले नाही, आणि काही आठवड्यांतच ती कायमची मुकी झाली. टॉमसनची वाट उलटी होती : दाब कमी ठेवावा आणि पलीकडचे ग्रहणयंत्र अधिक संवेदनशील करावे. अटलांटिकपार टिकाऊ तार अखेर १८६६ मध्ये झाली, ती या दुसऱ्या वाटेने.

व्हाइटहाउस यांचा हिशेब मात्र अजून मेलेला नाही. तार लांब पडली की मधे एखादी संकेत वाढविणारी पेटी बसवावी, तरीही भागले नाही तर आणखी एक बसवावी, हा उपाय आजही कितीतरी कारखान्यांत प्रथम सुचतो.

त्याच्या उलट, अतिशय साध्या युक्तीने भरवसा कसा निर्माण करता येतो, याचे एक उदाहरण प्रत्येक जुन्या कारखान्यात अद्याप कामावर आहे. तापमान, दाब, पातळी यांची मोजमापे पूर्वी दाबलेल्या हवेच्या बारीक नळ्यांनी नियंत्रणकक्षापर्यंत नेत असत. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांची जागा विजेच्या प्रवाहाने घेतली. मोजमाप शून्य असेल तर तारेतून ४ मिलिअँपियर प्रवाह वाहावा, आणि पूर्ण असेल तर २०, असा संकेत ठरला. शून्यासाठी शून्य प्रवाह का ठेवला नाही? कारण मग टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे पलीकडच्या माणसाला कळण्याचा मार्गच उरला नसता. ४ मिलिअँपियर म्हणजे 'टाकी रिकामी आहे, पण मी जागा आहे' असा निरोप. प्रवाह अजिबात नाही याचा अर्थ दूतच मेला. शिवाय एकाच वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह सर्वत्र सारखाच असतो. तार लांबल्यामुळे दाब काहीसा खर्ची पडला तरी मोजमापात फरक पडत नाही. एवढ्याशा योजनेत लांब तारेचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण एका मोजमापासाठी एक तारजोडी हा हिशेब हजारो मोजमापांच्या कारखान्याला परवडत नाही. एकाच तारेवरून अनेक यंत्रांनी आळीपाळीने बोलावे, ही कल्पना मग पुढे आली. तिच्या मुळाशी जी तार आहे ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची : दूरध्वनीच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्याव्यात, याचे एकस्व त्यांनी १८८१ मध्ये घेतले. पीळ घातला की शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेचा उपद्रव दोघींनाही जवळजवळ सारखाच होतो. पलीकडच्या टोकाला यंत्र दोन तारांतील फरक तेवढा पाहते. दोघींवर सारखीच पडलेली घाण त्या वजाबाकीत निघून जाते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले आर. एस. ४८५ हे मानक याच तत्त्वावर उभे आहे. मंद गतीने बोलावयाचे असेल तर ते १२०० मीटरपर्यंत निर्धास्त बोलते. मात्र त्याच्या दोन्ही टोकांना योग्य मूल्याचा रोधक लावावा लागतो. आडात टाकलेली हाक जशी भिंतीवर आदळून परत येते, तसा उघड्या टोकावरून संकेतही परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेताशी झुंजतो. रुपयादोन रुपयांचा हा रोधक बसवावयाचा राहून गेल्यामुळे आठवडेच्या आठवडे दोष शोधीत बसलेले लोक थोडेथोडके नसतील.

इथरनेट या आज सर्वत्र पसरलेल्या पद्धतीचा जन्म कारखान्यात नव्हे, कचेरीत झाला. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती घडविली. आरंभी तिला जाड एकाक्ष तार लागे. १९९० मध्ये ती दूरध्वनीसारख्या पीळदार तारजोड्यांवर आली, स्वस्त झाली, आणि मग तिने जग व्यापले. पण या स्थित्यंतराबरोबर एक मर्यादा कायमची चिकटली : एका तारेची लांबी १०० मीटर. ९० मीटर भिंतीतून जाणारी पक्की तार, आणि दोन्ही टोकांच्या सुट्या दोऱ्या मिळून १० मीटर. कचेरीच्या मजल्यावर कोणतेही मेज तारांच्या कपाटापासून याहून दूर क्वचितच असते, म्हणून ही लांबी तेथे पुरेशी ठरली. कारखान्याला ती वारशाने मिळाली. कोळशाच्या पट्ट्याची लांबी ठरविताना कोणी कचेरीतील मेजांचा विचार केलेला नसतो.

१०० मीटरची ही रेघ केवळ कागदावरची नव्हे. नित्याच्या तांब्याच्या केबलमधून सेकंदाला दहा कोटी आवर्तनांचा संकेत तेवढे अंतर चालून गेला की त्याच्या मूळ शक्तीचा शंभरावा हिस्सादेखील शिल्लक राहत नाही. शांत कचेरीत तेवढा कुजबुजाट ऐकू येतो. पण ज्या पन्हळात शेजारीच मोठ्या मोटारींची वेगनियंत्रक यंत्रे आपली वीज सेकंदाला हजारो वेळा तोडीत आणि जोडीत असतात, तेथे कुजबुज ऐकू यावी कशी? १३० मीटरची तार पुष्कळदा चालते, हेच वास्तविक दुर्दैव आहे. ती चाचणीच्या दिवशी चालते, उद्घाटनाच्या दिवशी चालते, आणि उन्हाळ्यात तांबे तापून त्याचा रोध वाढला, शेजारी नवी मोटार बसली, म्हणजे अधूनमधून चुकू लागते. पूर्ण तुटलेली तार एका तासात सापडते. अधूनमधून चुकणारी तार माणसाचा जीव घेते. मधे पेट्या बसवून अंतर वाढवावे तर प्रत्येक पेटीला वीज हवी, सावली हवी, धुळीपासून संरक्षण हवे. आणि त्या पेटीला वीज पुरविणारी तार हीच पुढे साऱ्या मार्गाची नाजूक जागा होते.

तांब्याच्या लांब तारेचा दुसरा शत्रू जमिनीत असतो. पृथ्वी एकच आहे, म्हणून तिचा विद्युत्‌दाबही सर्वत्र एकच असेल असे सामान्य माणसाला वाटते. तसे नसते. दोन इमारतींची अर्थिंगची व्यवस्था स्वतंत्र असते. एकीच्या अंगावरून मोठमोठ्या यंत्रांचा गळता प्रवाह जमिनीत जात असतो, दुसरी शांत असते. दोन्ही ठिकाणच्या 'शून्या'त मग काही व्होल्टचे अंतर पडते, आणि या दोन इमारतींना जोडणारी धातूची तार, विशेषतः दोन्ही टोकांना जमिनीशी बांधलेले तिचे जाळीदार आवरण, त्या अंतरापोटी नको असलेला प्रवाह वाहू लागते. सह्याद्रीच्या कातळावर किंवा दख्खनच्या पठारावर ज्यांनी वीजकामे केली आहेत त्यांना अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून उन्हाळाभर पाणी ओतीत राहण्याचा खटाटोप ठाऊक आहे. खडक कोरडा पडला की जमीन वीज पिऊन घेण्यास नाखूष होते.

हे झाले नित्याचे. वळिवाच्या पावसात जवळच वीज कोसळली म्हणजे त्या ठिकाणच्या जमिनीचा दाब क्षणभर हजारो व्होल्टनी चढतो. दूरच्या इमारतीचा चढत नाही. दोहोंच्या मधे तांब्याची बारीक तार असेल तर तो सारा फरक त्या तारेच्या टोकांना बसविलेल्या नाजूक यंत्रांवर येऊन पडतो. इथरनेटच्या प्रत्येक खाचेत एक चिमुकला रोहित्र असतो आणि तो १५०० व्होल्टपर्यंतचा फरक सोसावयास बांधलेला असतो. परंतु विजेच्या तडाख्यापुढे तेवढ्याने निभावत नाही. पहिल्या पावसानंतर एकाच इमारतीतील पाचपंचवीस यंत्रे एकदम बंद पडली, तर दोष यंत्रांचा नसून इमारतीइमारतींमधून नेलेल्या तांब्याचा असण्याचा संभव अधिक. एका छपराखाली तांबे चालावे. छप्पर बदलले की धातू टाळावा, हा नियम अनुभवी अभियंते पाळतात तो यासाठी.

धातू टाळावयाचा म्हणजे काच आणावयाची. काचेच्या तंतूतून प्रकाश वाकवून नेता येतो, या विषयावर मूलभूत काम करणाऱ्यांत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे अग्रगण्य होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठविता येते हे दाखविले, आणि तो निबंध १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्या काळची काच दूरच्या संदेशासाठी निरुपयोगी होती. काही मीटरांतच प्रकाश तिच्यात विरून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादिले की दोष काचेच्या स्वभावात नसून तिच्यातील अशुद्धीत आहे. एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी शिल्लक राहील इतकी शुद्ध काच करता आली, तरी दळणवळणाचे काम भागेल. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीतील मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ते उद्दिष्ट गाठले. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या तंतूची गोष्ट याहून कितीतरी पुढची आहे : १० किलोमीटर चालून गेल्यावरही त्यातील प्रकाश निम्म्याच्या आसपास शिल्लक असतो. तांब्याच्या १०० मीटरांशी याची तुलना करावी, म्हणजे अधिक काही सांगण्याची गरज राहत नाही. आणि काच वीज वाहत नाही. दोन इमारतींच्या जमिनींचे भांडण तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. शेजारच्या मोटारीचा कोलाहल तिला ऐकूच येत नाही. मात्र तंतूवरचे चिलखत पोलादी असेल तर ते वीज वाहते, आणि त्याची व्यवस्था टोकाला वेगळी लावावी लागते. काच आणली आणि तिच्याबरोबर वीजही घरात घेतली, असे घडू नये.

महाराष्ट्रात याचे एक सुरेख उदाहरण आहे. ते कारखान्याचे नव्हे, पण कारखान्याला शिकविण्यासारखे आहे. पुण्याच्या उत्तरेस, नारायणगावाजवळील खोडद येथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय या अक्षरासारख्या तीन बाहूंवर, शेतांतून आणि गावांतून दूरवर विखुरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर पडते. आकाशातून आलेला अत्यंत क्षीण संकेत प्रत्येक तबकडीपासून मध्यवर्ती इमारतीत येतो तो काचतंतूंतून. तेथे तीसही संकेत एकत्र जुळवावयाचे असतात. प्रकाशाला तंतूतून एक किलोमीटर जाण्यास सुमारे पाच दशलक्षांश सेकंद लागतात. जवळच्या तबकडीचा निरोप आधी येतो, दूरच्या तबकडीचा मागाहून. हा विलंब अचूक माहीत असावा लागतो, नाहीतर साऱ्या तबकड्या मिळून एक दुर्बीण होत नाही. तार केवळ निरोप पोहोचविते असे नाही. तो किती उशिरा पोहोचला याचीही जबाबदारी तिच्यावर असते. दोन टोकांच्या उपकरणांतील मोजमापे एकाच क्षणाची आहेत असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक वीजकेंद्राला हे लागू पडते.

काचेचे गुण गाताना तिचा हट्टही सांगितला पाहिजे. ज्या गाभ्यातून दूरचा प्रकाश जातो त्याची जाडी अवघी नऊ सहस्रांश मिलिमीटर असते. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण त्या वाटेवर डोंगरासारखा बसतो. सिमेंटच्या किंवा कोळशाच्या कारखान्यात जोड उघडला आणि पुसल्याशिवाय लावला, तर नव्या कोऱ्या तंतूवर दोष आला म्हणून समजावे. हे काम करणाऱ्या माणसाच्या खिशात पुसण्याचे साधन आहे की नाही, एवढे पाहिले तरी त्या कामाची प्रत कळते. तंतूला तीव्र वळण सोसत नाही. वाळवी, उंदीर आणि पाणी यांच्यासाठी आवरणे निराळी, आणि ती निवडण्यात काटकसर करू नये. तारेच्या किमतीपेक्षा चर खणण्याची आणि पुन्हा खणण्याची किंमत नेहमीच मोठी असते. जेथे १२ तंतू पुरतील तेथे २४ टाकावेत, हे म्हणणे हिशेबनिसाला उधळपट्टीचे वाटते. पण वाढीव तंतूंचा खर्च थोडा, आणि खोदाईचा खर्च तोच.

आता तुटण्याकडे वळू. एका मार्गावर भरवसा ठेवू नये, म्हणून जाळे वर्तुळाकार करतात. वर्तुळ एके ठिकाणी तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते. पण इथरनेटला मोकळे वर्तुळ पचत नाही. सर्वांना उद्देशून पाठविलेला निरोप त्यात फिरतच राहतो, त्याच्या प्रती होत जातात, आणि काही क्षणांत सारे जाळे गुदमरते. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी यावर तोड काढली : यंत्रांनी आपसांत विचारविनिमय करून वर्तुळातील एक दुवा आपण होऊन मिटवून ठेवावा, आणि दुसरीकडे तुटले की तो उघडावा. कचेरीला ही योजना फार उपयुक्त ठरली. तिच्या मूळ स्वरूपात मात्र वाट बदलण्यास ३० ते ५० सेकंद लागत. पत्र उघडावयास अर्धा मिनिट उशीर झाला तर कारकून रागावतो. कोळशाचा पट्टा अर्धा मिनिट आंधळा धावला तर डोंगर साचतो. म्हणून कारखान्यांसाठी वेगळे नियम झाले. त्यांपैकी एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५० यंत्रांचे वर्तुळ २०० सहस्रांश सेकंदांच्या आत स्वतःला सावरते. वीज उपकेंद्रांत तेवढीही उसंत नसते. तेथे प्रत्येक निरोपाच्या दोन प्रती दोन स्वतंत्र मार्गांनी धाडतात, जी आधी येईल ती घेतात आणि दुसरी टाकून देतात.

या वर्तुळाच्या सोयीतच एक धोका दडलेला आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. वर्तुळ पहिल्यांदा तुटते तेव्हा काहीच घडत नाही. पट्टा चालतो, पडदे उजळलेले राहतात, कोणी तक्रार करीत नाही. दुय्यम मार्ग आपले काम चोख बजावतो, आणि त्यामुळेच मुख्य मार्ग मेलेला आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. असे महिने जातात. मग एके दिवशी दुसरी जागा तुटते आणि अर्धा कारखाना अंधारात जातो. चौकशीत निष्पन्न होते की तार आज तुटली नव्हती, ती पावसाळ्याच्या आधीच तुटली होती. यंत्रांनी ती वार्ता दिलेलीही असते. एक तांबडा ठिपका कोठेतरी पडद्यावर लुकलुकत असतो, परंतु तो पाहावयाचा कोणी हे ठरलेले नसते. वर्तुळ विकत घेताना जितका खल होतो, त्याच्या शतांशाने या एका माणसाच्या नेमणुकीचा होत नाही. महिन्यातून एकदा, ठरवून आणि सर्वांना कळवून, एक दुवा हाताने उपसावा आणि धोक्याची सूचना खरोखर वाजते का ते पाहावे. पण चालत्या यंत्राला हात लावावयाचा धीर व्यवस्थापकाला होत नाही.

दोन मार्ग म्हणजे दोन चर, हेही असेच विसरले जाते. नकाशावर वर्तुळ सुबक काढलेले असते. प्रत्यक्षात त्याच्या दोन्ही बाजू एकाच पन्हळातून जातात, कारण पन्हळ एकच होते. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरानजीक समुद्रातल्या दोन निरनिराळ्या तारा एकाच दिवशी निकामी झाल्या, आणि भारतातील आंतरजाल सेवेला जबर धक्का बसला. तारा दोन होत्या, मालक वेगळे होते, पण त्या जागी वाट एकच होती. कारखान्यात समुद्र नसतो, जेसीबी असते. तिचा एक फटका एकाच चरातील दोन्ही केबली उपसून काढतो. तीच गत विजेची : वर्तुळातील शेजारशेजारच्या दोन यंत्रांना एकाच फ्यूजमागून वीज दिलेली असेल, तर फ्यूज उडताच वर्तुळाला दोन भगदाडे पडतात.

सरकारी आणि निमसरकारी कामांत या गोष्टी जिथे बिघडतात ती जागा तांत्रिक नसते. निविदेत तारेची लांबी, तंतूंची संख्या, यंत्रांची प्रत, सारे लिहिलेले असते. तार प्रत्यक्षात कोठून गेली, किती खोलीवर गेली, कोणत्या वळणावर जोड आला, हे दाखविणारा अखेरचा नकाशा मात्र देयक चुकते झाल्यावर येतो, किंवा येतच नाही. आरंभीचाच आराखडा नव्या तारखेनिशी सादर होतो आणि नस्तीत बसतो. दोन वर्षांनी नळाच्या विभागाला चर खणावयाचा असतो, तारेच्या विभागाला विचारावे असा नियम असतो, विचारलेही जाते, उत्तर त्या नकाशावरून दिले जाते, आणि तार तुटते. अखेरचा नकाशा आणि प्रत्येक तंतूच्या चाचणीची नोंद हातात पडल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये, एवढे एक कलम कसोशीने पाळले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. ही चाचणी फार मजेची असते. तंतूच्या एका टोकातून प्रकाशाचा एक सूक्ष्म ठोका आत सोडतात आणि परतणारा मंद प्रतिध्वनी ऐकतात. कोणत्या मीटरवर जोड आहे, कोठे वळण आवळले आहे, कोठे तंतू तुटला आहे, हे यंत्र रेघ काढून दाखविते. कामाच्या पहिल्या दिवशीची ही रेघ जपून ठेवली असेल तर पुढे दोष आला त्या दिवशी दोन रेघा शेजारी ठेवल्या की पुरे. ती हरवलेली असेल तर यंत्र 'चौदाशे मीटरवर दोष' असे सांगते, आणि चौदाशे मीटर म्हणजे कोणत्या झाडाखाली, हे कोणालाच सांगता येत नाही.

जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे अभियंत्यांनी जाळ्यावर विश्वास ठेवण्याचे बराच काळ नाकारले, आणि ते योग्यच होते. कोळशाच्या पट्ट्याच्या कडेने एक दोरी ताणलेली असते. कोणाचा सदरा किंवा हात अडकला तर जवळच्या माणसाने ती ओढावयाची आणि पट्टा थांबावयाचा. या दोरीची तार पुष्कळ ठिकाणी स्वतंत्रच ठेवतात. अलीकडे असा निरोप सामाईक जाळ्यावरूनही पाठवितात, पण एका अटीवर : प्रत्येक निरोपावर क्रमांक असावा, वेळेचे बंधन असावे, मजकुरात बदल झाला तर ओळखू यावा, आणि ठरलेल्या वेळेत 'सर्व ठीक' हा निरोप आला नाही, तर पट्ट्याने कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता थांबावे. येथे शांतता हीच आज्ञा आहे. ४ मिलिअँपियरच्या जुन्या युक्तीतील शहाणपणच या नव्या वेषात परतले आहे.

परतले आहे ते तेवढेच नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये संमत झालेल्या एका मानकाने इथरनेटला पुन्हा एकाच पीळदार तारजोडीवर आणले. वेग सेकंदाला एक कोटी अंश, म्हणजे आजच्या मापाने संथच. पण लांबी १००० मीटर. तापमान आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाला याहून अधिक वेगाची गरजही नसते. २०२१ मध्ये त्याची स्फोटक वायूंच्या परिसरात चालू शकेल अशी आवृत्ती तयार झाली. तीत ज्या तारजोडीवरून निरोप जातो तिच्यावरूनच उपकरणाला वीजही मिळते. पुष्कळ जुन्या कारखान्यांच्या चरांत ४ ते २० मिलिअँपियरसाठी टाकलेल्या चांगल्या प्रतीच्या तारजोड्या अजून पडून आहेत. त्यांपैकी कोणत्या या नव्या कामाला चालतील हे त्यांचे आवरण, त्यांची जाडी आणि त्यांतील ओल मोजून पाहिल्यावरच ठरेल. आणि ते मोजमाप नव्या तारांची निविदा काढण्यापूर्वी व्हावे लागेल.